मदत हवी आहे: आईसाठी कवळी की इम्प्लांट? शुक्रवारच्या आत सांगायचंय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आईचे दात गेलेत. साताऱ्याच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत. एक कवळी, १८ हजार. दुसरा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर फिक्स दात, वरखाली मिळून ५ लाख ४० हजार. शुक्रवारी होकार कळवायचाय, कारण २३ फेब्रुवारीला पुतणीचं लग्न आहे आणि लॅबचं काम आधी सुरू व्हायला हवं. बहीण म्हणते इम्प्लांट, मी म्हणतो कवळी, बायको म्हणते मला यात घेऊ नका. घरात कोणासाठी केलं असेल त्यांनीच सांगा. गूगल वाचून झालंय, लिंका नकोत.

आगाऊ_बंडू
"दात गेलेत" म्हणजे किती गेलेत? दोन, दहा, सगळे? की चोरीला गेलेत?

मंजिरी_क
वय काय आईंचं? वरचे गेलेत की खालचे? शुगर आहे का? एवढं तरी लिहा हो, आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

अप्पा_सांगलीकर
इम्प्लांट. डोळे मिटून इम्प्लांट. मी २०१९ मध्ये खाली चार स्क्रू घालून घेतले, आज मक्याचं कणीस दातांनी सोलून खातो. कवळी म्हणजे तोंडात घातलेली चप्पल. चालता येतं, पण आपला पाय तो आपला पाय. पैसे काय वर घेऊन जायचेत का?

चकलीवाली
अप्पा, सगळ्यांना कणसं सोलायची नसतात.

आमच्या सासूबाईंचा अनुभव सांगते. २०१४ मध्ये वरखाली दोन्ही कवळ्या केल्या. वरची अशी बसली की शिंकल्या तरी हलत नाही. खालची मात्र पहिल्या आठवड्यातच रुसली. त्या 'गं' म्हणाल्या की उडायची, पाणी प्यायल्या की तरंगायची. तेव्हापासून ती एका स्टीलच्या डब्यात, पाण्यात, फ्रिजच्या वर आहे. दर दिवाळीला डबा घासताना मी पाणी बदलते. डॉक्टर म्हणाले होते, वरच्या कवळीला सगळ्या टाळूचा आधार, मधली हवा निघून गेली की ती चिकटते. खालच्या कवळीला घोड्याच्या नालेएवढीच जागा आणि मधोमध जीभ सतत ढोसतेय. त्यामुळे "कवळी चांगली की वाईट" असा प्रश्नच नसतो. वरची की खालची ते आधी सांगा.

निसर्गमित्र_७२
रोज सकाळी उपाशीपोटी दहा मिनिटं तिळाच्या तेलाच्या गुळण्या. हिरड्या लोखंडासारख्या होतात. माझ्या आजोबांचे ९१ व्या वर्षी ३२ दात होते. कडुलिंबाची काडी सोडली तिथूनच आपली अधोगती सुरू झाली.

आगाऊ_बंडू
काका, दात गेलेत. गेलेल्यांच्या गुळण्या कशा करणार?

कृष्णाकाठ
कमाल आहे. सगळे प्रश्नच विचारताय. लिहितो.

वय ६७. वरचे सगळे गेलेत, शेवटचे तीन गणपतीत काढले. खाली पुढचे सहा आहेत, बाकी दाढा कधीच्याच नाहीत. ते सहाही थोडे हलतात. डॉक्टर म्हणतात तेही काढून टाकू आणि एकदमच सगळं नवीन करू, इम्प्लांट लावले की त्याच आठवड्यात तात्पुरते दात मिळतील, लग्नात फोटोला प्रॉब्लेम नाही. शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये. बाकी तब्येत एकदम ठणठणीत, वाईच्या घाटाच्या पायऱ्या रोज उतरते.

आता सांगा. कवळी की इम्प्लांट?

दंतकथाकार
मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कवळ्या, ब्रिज, इम्प्लांटवरचे दात हेच माझं रोजचं काम. तोंड न बघता सल्ला देत नाही, पण प्रश्न विचारतो. तुम्ही वैतागाल, तरी उत्तरं द्या.

१. कंट्रोलमध्ये म्हणजे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती? शेवटचा रिपोर्ट बघून लिहा.
२. रोजच्या सगळ्या गोळ्यांची नावं. सगळ्या. आठवड्याला किंवा महिन्याला घ्यायची असेल तीही, आणि वर्षाला एखादं इंजेक्शन असेल तर तेही.
३. तंबाखू, कुठल्याही रूपात?
४. ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढलाय का? त्या सहा दातांच्या मुळांना हाड किती उरलंय?
५. आईंना नेमकं काय करता येत नाही म्हणून हे चाललंय?

न्यूजर्सीकर
भारतात ५ लाख ४० हजार म्हणजे स्वस्तच म्हणायचं. इकडे एका जबड्याचे वीस-पंचवीस हजार डॉलर सहज सांगतात. डेंटल इन्शुरन्स वर्षाला दीड-दोन हजारांवर हात वर करतो. आमच्या ग्रुपमधले तिघे जण सुट्टीत पुण्याला येऊन करून गेले.

मंजिरी_क
आणि नंतर स्क्रू ढिला झाला की कोण बघतं? परत विमान? माझ्या मावसभावाने तसंच केलं होतं. तिकडचा डॉक्टर म्हणाला, या कंपनीचं सामान माझ्याकडे नाही, मी हात लावणार नाही.

न्यूजर्सीकर
म्हणून इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवायचं असतं, कंपनी, साइज, लॉट नंबर सगळं त्यावर असतं. मावसभावाने ठेवलं नसेल तर इम्प्लांटचा काय दोष?

आगाऊ_बंडू
न्यूजर्सीकर, तुमच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना विचारा. १७८९ मध्ये शपथ घेताना वॉशिंग्टनच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. कवळी लाकडाची होती असं म्हणतात ते खोटं. पाणघोड्याचे सुळे, माणसाचे दात, शिसं आणि मध्ये स्प्रिंगा. तोंड मिटून ठेवायला जोर लावावा लागायचा, म्हणून नोटेवर तसा चेहरा.

गप्पिष्ट_गौरी
ईईई. माणसाचे दात कुणाचे??

आगाऊ_बंडू
विकत घेतलेले. त्यांच्या हिशोबाच्या वहीत गुलामांकडून दात घेतल्याची नोंद आहे. पुढे १८१५ च्या वॉटर्लूनंतर तर रणांगणावर मेलेल्या सैनिकांचे दात उपटून लंडनला कवळ्या बनवायला नेत. "वॉटर्लूचे दात" असंच नाव पडलं त्यांना.

कृष्णाकाठ
वॉशिंग्टनचं नंतर बघू का? उद्या बुधवार आहे.

डॉक्टर, रिपोर्ट शोधला. एचबीए१सी ८.९, तोही ऑगस्टमधला. गोळ्या शुगरच्या दोन, बीपीची एक. तंबाखू अजिबात नाही, फक्त मिश्री लावते. ओपीजी काढलाय, पण फिल्म त्यांच्याकडे आहे. पाचवा प्रश्न कळला नाही. दात नाहीत म्हणून चाललंय, दुसरं काय?

मंजिरी_क
"तंबाखू अजिबात नाही, फक्त मिश्री." काढून भिंतीवर लावायला हवं हे वाक्य.

दंतकथाकार
मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखूच. आपल्याकडे निम्म्या बायका दवाखान्यात हेच उत्तर देतात, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. दिवसातून किती वेळा लावतात? आणि जिथे बोट फिरतं तिथे, ओठाच्या आत, गालात, पांढरा किंवा लाल चट्टा, कडकपणा, न भरणारी जखम आहे का, हे कोणी बघितलंय का? कवळी असो वा इम्प्लांट, त्याआधी हे बघायचं.

८.९ ला कंट्रोल म्हणत नाहीत. या शुगरवर जखम उशिरा भरते, हिरड्या सुजतात, दात हलतात. त्यात मिश्री. हाड इम्प्लांटला धरून यायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि हे दोन्ही त्याच्या आड येतात. पहिल्या आठवड्यात तात्पुरते दात लावण्याची पद्धत आहे, मीही लावतो. पण ज्यांचं हाड आणि शुगर दोन्ही चांगलं आहे त्यांना.

अप्पा_सांगलीकर
मला पण शुगर आहे. मला काही झालं नाही.

दंतकथाकार
अप्पा, तुमचं एचबीए१सी तेव्हा किती होतं?

अप्पा_सांगलीकर
६.८. पण ती फार तपासत बसायची गोष्ट नाही.

गप्पिष्ट_गौरी
धागाकर्ते, एक विचारू का? हाडांची काही गोळी आहे का त्यांना? माझ्या आईला आठवड्यातून एक होती, दर रविवारी. उपाशीपोटी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आम्ही पण औषधांच्या यादीत ती कधी सांगायचोच नाही, कारण ती "रोजची" नव्हती. दाढ काढायच्या वेळी नर्सने विचारलं म्हणून बरं.

कृष्णाकाठ
आत्ता वाईला फोन केला. आहे. दर सोमवारी. बाबा गेले त्या वर्षी मनगट मोडलं होतं, तेव्हापासून. म्हणजे पाच वर्षं झाली. पाकिटावर अॅलेंड्रोनेट ७० लिहिलंय. साताऱ्याच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

याने काय होतं?

दंतकथाकार
गौरी, तुम्ही माझं काम केलंत.

घाबरू नका, पण शुक्रवारचा होकार थांबवा. ही गोळी हाडाची झीज रोखते, म्हणजे हाड जुनं काढून नवं भरण्याचा वेगच कमी करते. दात काढला किंवा इम्प्लांटसाठी भोक पाडलं की जबड्याला नेमकं तेच काम करायचं असतं. क्वचित ते होत नाही, जखम भरतच नाही आणि हाड उघडं पडतं. गोळी घेणाऱ्यांत हे दुर्मीळ आहे, कॅन्सरसाठी शिरेतून याच जातीचं औषध जास्त मात्रेत घेणाऱ्यांत बरंच जास्त. पण चार वर्षांच्या वर गोळी, त्यात शुगर, त्यात तंबाखू, एवढं एकत्र आलं की खालचे सहा दात "एकदमच काढून टाकू" हे वाक्य इतक्या सहज बोलायचं नसतं. इम्प्लांट करताच येत नाही असंही नाही. पण निर्णय घेणाऱ्याला हे माहीत हवं. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा. जबडा वाचवताना कंबर मोडून घ्यायची नाही.

निसर्गमित्र_७२
म्हणून म्हणतो, गोळ्यांच्या नादी लागू नये. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला.

मंजिरी_क
काका, त्यांचं मनगट मोडलं होतं. वाचा हो वर.

चकलीवाली
मग सरळ वरची कवळी करायची आणि खालच्या सहाला हात नाही लावायचा. वर आता चार महिने होऊन गेलेत, हिरड्या भरल्या असतील. झालं की. फेब्रुवारीपर्यंत आरामात होईल.

दंतकथाकार
बरोबर दिशेने आहात, पण एक मेख आहे. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे सहा खरे दात, ही जोडी वाईट. माणूस पुढच्या पुढेच चावतो, खालचे दात वरच्या कवळीला पुढून ढकलतात, मागून ती सुटते. काही वर्षांत वरच्या पुढच्या हाडाची झीज होऊन तिथे नुसती लिबलिबीत हिरडी उरते आणि मग कुठलीच कवळी बसत नाही. म्हणून खाली मागच्या बाजूला काढघालीची अर्धी कवळी हवी, म्हणजे भार दाढांवर वाटला जातो. ते सहा दात हिरड्यांच्या उपचाराने टिकतात का ते आधी बघायचं. निदान दोन सुळे वाचले तरी खालच्या हाडाला आणि नंतर करायच्या कवळीला आधार. खालचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं.

अप्पांच्या बाजूनेही बोलतो. ज्यांचे खालचे सगळेच गेलेत त्यांना नुसती कवळी देण्यापेक्षा दोन इम्प्लांट लावून त्यावर बटणासारखी बसणारी कवळी द्यावी, हे २००२ मध्येच मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मांडलं होतं. चकलीवालींच्या सासूबाईंना तेव्हा कोणी ते सुचवलं असतं तर डबा लागला नसता.

चकलीवाली
सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आता राहू दे, डब्याची सवय झालीय."

अप्पा_सांगलीकर
बघा, मी तेच म्हणत होतो.

मंजिरी_क
तुम्ही ते म्हणत नव्हतात.

आगाऊ_बंडू
ठाण्यात राहता ना धागाकर्ते? मग सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं आहे. दुसरं मत घ्या. रांग आहे, चार-पाच फेऱ्या होतात, शिकणारी मुलं काम करतात, पण मागे मोठे डॉक्टर उभे असतात. माझ्या वडिलांची कवळी तिथलीच.

दंतकथाकार
धागाकर्ते, पाचव्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आईंना विचारलंत का?

कृष्णाकाठ
आईला काय विचारायचं, ती "मला काही नको, उगाच खर्च" एवढंच म्हणते. तरी काल रात्री विचारलं. खाण्याचं म्हणशील तर मी हिरड्यांनी भाकरी खाते, म्हणाली. आमटीत कुस्करून. ते खरं आहे, बघितलंय मी.

मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, गणपतीपासून ती भजनाला गेलेली नाही. आम्हाला वाटत होतं गुडघे. गुरुवारच्या मंडळात ती पुढे म्हणायची आणि बाकीच्या मागे. आता 'विठ्ठल' म्हणताना 'व' ला फुर्रकन हवा जाते, आणि पुढच्या रांगेतली एक बाई हसली. बहिणीला फोन करून सांगितलं. तीही गप्प झाली. इम्प्लांटचं पुन्हा काही बोलली नाही.

गप्पिष्ट_गौरी
'व' आणि 'फ' ला वरचे दात लागतात. आरशात म्हणून बघा, खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो. दातच नाहीत तर टेकणार कुठे?

दंतकथाकार
हेच हवं होतं. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा, पुढचे दात कुठे लावायचे ते ठरवताना कामाला येतं. मेणावर दात लावून ट्रायल घेतात तेव्हा आईंना नुसतं "आ" करून बसवू नका. अभंग म्हणायला लावा. 'व' म्हणताना वरच्या दातांची कड ओठाला हलकीच टेकली पाहिजे. मेण आहे तोवर दात हलवता येतात, एकदा कवळी अॅक्रिलिकमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकमध्ये, शिजली की नाही.

कृष्णाकाठ
साताऱ्याच्या डॉक्टरांना गोळीचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं बोललात," आणि इम्प्लांटचा विषय स्वतःच मिटवला. पण मी नायरला दाखवणार. बाकीचं नंतर लिहितो.

कृष्णाकाठ
(पाच आठवड्यांनी)
खूप जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून लिहितोय. गालात काही नाही, तपासून घेतलं. मिश्री दिवसाला चारवरून एकवर आलीय असं ती म्हणते, वहिनी म्हणते दोन. हाडांची गोळी ज्यांनी दिली त्या डॉक्टरांनी सांगितलं की पाच वर्षं झालीत, तपासणी करून थांबवता येईल का बघू. सहापैकी पाच दात राहिले, हिरड्यांची सफाई तीनदा झाली. एक अगदीच सैल निघाला, तो नायरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक देऊन काढला. जखम भरायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस मी रोज व्हिडिओ कॉल करून तोंड उघडायला लावत होतो.

वरची पूर्ण आणि खालची अर्धी कवळी लग्नाच्या नऊ दिवस आधी मिळाली. पहिले दोन दिवस तोंडात लाळच लाळ, उजवीकडे टोचलं, तिसऱ्या दिवशी जाऊन घासून आणली. ट्रायलच्या वेळी तिने पूर्ण अभंग म्हटला, शिकाऊ मुलगी टाळ धरल्यासारखे हात करून बसली होती. 'व' जमला. आता 'ठ्ठ' अडकतो, कारण जीभ टाळूला जिथे लागायची तिथे प्लास्टिक आहे. मोठ्याने वाचत राहा, महिन्याभरात जीभ शिकते, असं सांगितलंय. त्यामुळे सकाळी सहाला वाईच्या घरात पेपर जोरजोरात वाचला जातो. अग्रलेखासकट.

मंजिरी_क
फोटो कसे आले लग्नातले?

कृष्णाकाठ
सगळ्यांत तोंड मिटून. सवय.

चकलीवाली
आणि खालची घालतात का?

कृष्णाकाठ
जेवताना. बाकी वेळ ओट्यावर वाटीत असते.

दंतकथाकार
वाटीत पाणी घाला म्हणावं, कोरडी पडली की आकार बदलतो. गरम पाणी नको. आणि रात्री वरचीही काढायची, हिरड्यांना हवा लागू दे, नाहीतर टाळूला बुरशी येते. टूथपेस्टने घासू नका, चरे पडतात, साधा साबण आणि मऊ ब्रश चालतो.

चकलीवाली
वाटी नको हो. झाकणाचा डबा घ्या. आमची एकदा चिवड्याच्या पातेल्यात सापडली होती.

अप्पा_सांगलीकर
इम्प्लांट केलं असतं तर डबा, वाटी काहीच लागलं नसतं.

कृष्णाकाठ
अप्पा, गुरुवारी या वाईला. साडेचारला मंडळ असतं. आई पुढे म्हणते.